चमकणारी गाठ आणि खालांचा हात



मुलांच्या वाचनाविषयी या महिन्यात लिहायचे ठरवले होते. पण मधल्या काळात घरात असे काही घडले की तो विषय बाजूला ठेवावा लागला. नणंदेची परवानगी घेऊन हे लिहीत आहे. ती म्हणाली, "भाभी, नाव सोडून सगळं लिहा. माझ्यासारखी एखादी वाचेल."

सुरुवात खालांपासून करावी लागेल. खाला म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. वीसएक वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झाले, उपचार झाले, जीव वाचला. आज त्या नातवंडांत आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या ऑपरेशनात स्तनाबरोबर काखेतल्या सगळ्या गाठीही काढल्या होत्या. वर्ष-दीड वर्षाने त्यांचा उजवा हात सुजू लागला आणि ती सूज पुन्हा कधी पूर्ण उतरली नाही. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. बुरख्याची एक बाही सैल शिवून घ्यावी लागते. कपडे पिळणे, पिठाचा डबा उचलणे बंद झाले. भाजी चिरताना बोटाला जरासे कापले तरी हात लाल होतो, ताप भरतो. माझी नणंद लहानपणापासून त्यांच्या घरी राहायला जायची. त्या हाताला पट्टी गुंडाळण्याचे काम तिच्याकडेच असायचे.

मागच्या हिवाळ्यात अंघोळ करताना नणंदेच्या हाताला स्तनात वाटाण्याएवढी कडक गाठ लागली. तिने ती तीन महिने लपवली. नवऱ्यालाही सांगितले नाही. एकदा घरी आली असताना स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभी राहून सहज विचारल्यासारखे विचारू लागली, "भाभी, तुमच्या शाळेतल्या त्या मॅडमचं ऑपरेशन झालं होतं ना, त्यांचा हात कसा आहे आता?" वीस वर्षे वर्गात उभी राहते आहे. एक प्रश्न लपवण्यासाठी मूल दुसराच प्रश्न विचारते, हे मला कळते. मी गॅस बंद केला आणि तिला म्हटले, "खरं सांग, कुठं गाठ लागली आहे?"

ती रडली. पण तिला भीती कॅन्सरची नव्हती, मरणाचीही नव्हती. म्हणाली, "माझा हात खालांसारखा होईल. मुलं लहान आहेत भाभी, मी घर कसं करू?"

दुसऱ्या आठवड्यात आम्ही शहरातल्या रुग्णालयात गेलो. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा थोडी लहान होती. काखेच्या सोनोग्राफीत संशय घ्यावा असे काही दिसले नाही. सर्जन बाईंसमोर बसल्यावर नणंदेचा पहिला प्रश्न तोच होता, "डॉक्टर, माझा हात सुजणार का?"

बाईंनी फाइलची मागची बाजू उलटली आणि चित्र काढून समजावले. त्यांनी सांगितलेले आणि नंतर मी स्वतः वाचून घेतलेले असे दोन्ही मिळून इथे मांडते.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक जाळे असते. त्यातून लिम्फ, म्हणजे लसिका नावाचा पाण्यासारखा द्रव वाहतो. पेशींच्या आजूबाजूला साचलेले जादा पाणी, जंतू आणि कचरा तो गोळा करून नेतो. या वाटेवर जागोजागी घेवड्याच्या दाण्यासारख्या छोट्या गाठी असतात. त्या गाळणीचे काम करतात. पायात काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येते, हे आपल्या घरच्या मोठ्यांना चांगले ठाऊक असते. उर्दूत आपण त्याला गिल्टी म्हणतो. जखम पायाला, मग दुखते जांघेत का? कारण पायातून निघालेला लसिकेचा रस्ता जांघेतल्या गाठींत जातो. स्तनाचा रस्ता मुख्यतः काखेत जातो. काखेत अशा साधारण वीस ते तीस गाठी असतात.

कॅन्सरच्या पेशी मूळ गाठीतून सुटल्या तर पुष्कळदा याच वाटेने निघतात. म्हणून काखेतल्या गाठींत कॅन्सर पोचला आहे की नाही, यावर पुढचे बरेच उपचार ठरतात. पूर्वी हे कळायचा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे सगळ्या गाठी काढायच्या आणि तपासायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. स्नायू काढणे पुढे मागे पडले, पण काख रिकामी करणे शंभर वर्षे चालू राहिले. गाठी काढल्या की हाताकडून येणाऱ्या लसिकेची वाटही तुटते. पाणी हातातच साचते. खालांच्या हाताचे कारण हेच. यात डॉक्टरांची चूक नव्हती, तेव्हा बहुतेक ठिकाणी तीच रीत होती.

यातली दुःखाची गोष्ट अशी की लवकर निदान झालेल्या पुष्कळ स्त्रियांच्या काढलेल्या सगळ्या गाठी निरोगी निघायच्या. हात मात्र जन्मभर जपावा लागायचा.

मग डॉक्टरांनी विचार केला की, स्तनातून निघालेली लसिका सगळ्या गाठींत एकाच वेळी तर जात नाही. ती आधी एका किंवा दोन-तीन गाठींत जाते आणि तिथून पुढे. गावात शिरणाऱ्या रस्त्यावर पहिला नाका असतो, तशी ही पहिली गाठ. तिला इंग्रजीत सेंटिनल नोड म्हणतात. सेंटिनल म्हणजे पहारेकरी, आपल्या उर्दूतला पहरेदार. चोर गावात शिरला असेल तर आधी नाक्यावर दिसेल. नाका साफ असेल तर गावभर झडती घ्यायचे कारण नाही.

ही कल्पना रामोन काबानास यांनी १९७७ मध्ये पुरुषांच्या जननेंद्रियाच्या कॅन्सरसाठी मांडली. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरसाठी निळा रंग टोचून ही पहिली गाठ शोधून दाखवली. पुढच्या दोन वर्षांत स्तनाच्या कॅन्सरसाठी डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सारी द्रव्य आणि आर्मांडो जुलियानो यांनी निळा रंग वापरला. निळा रंग स्वस्त असतो, पण तो साध्या डोळ्यांनी पाहायचा असल्याने काख उघडून चरबीत शोध घ्यावा लागतो. त्वचेवर डाग राहू शकतो, आणि काही निळ्या रंगांची क्वचित तीव्र ॲलर्जीही होते. किरणोत्सारी द्रव्याने गाठ चांगली सापडते, पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिनचा वेगळा विभाग लागतो. तो सगळ्या रुग्णालयांत नसतो.

इथे तिसरा मार्ग आला, आणि नणंदेच्या बाबतीत तोच वापरला गेला. इंडोसायनीन ग्रीन नावाचा हिरवा रंग, ज्याला डॉक्टर थोडक्यात आयसीजी म्हणतात. हा रंग नवा नाही. छायाचित्रांच्या फिल्मसाठी प्रसिद्ध असलेल्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत तो १९५०च्या दशकात तयार झाला, आणि १९५९ पासून अमेरिकेत यकृत आणि हृदयाच्या तपासण्यांसाठी त्याला मान्यता आहे. स्तनाच्या कॅन्सरमधली पहिली गाठ या रंगाच्या चमकेवरून शोधल्याचा अनुभव जपानी डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला.

या रंगाचा गुण समजायला माझ्या वर्गातला एक प्रयोग उपयोगी पडेल. टीव्हीचा रिमोट घ्या, त्याचे पुढचे टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बहुतेक मोबाइलवर रिमोटच्या टोकाशी दिवा चमकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर काहीच दिसत नाही. तो अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश आहे. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आयसीजीचेही तसेच आहे. त्याच्यावर विशिष्ट अवरक्त प्रकाश टाकला की तो थोड्या वेगळ्या अवरक्त प्रकाशात चमकू लागतो. खास कॅमेरा ती चमक पकडून पडद्यावर दाखवतो. आणि या प्रकाशाचा मोठा फायदा असा की तो त्वचा आणि चरबीतून साधारण एक सेंटिमीटरपर्यंत पार जाऊ शकतो. म्हणजे चिरा देण्याआधीच बऱ्याचदा वाट दिसू लागते.

ऑपरेशनच्या दिवशी नणंदेला भूल दिल्यावर स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला या रंगाचे छोटे इंजेक्शन दिले आणि हलके चोळले. काही मिनिटांत रंग लसिकेच्या वाटेने निघाला. ऑपरेशनचे दिवे मंद करून कॅमेरा फिरवला. नंतर बाईंनी त्याचे चित्रण आम्हाला दाखवले. काळ्या पडद्यावर एक उजळ रेघ काखेकडे सरकत गेली आणि कडेशी जाऊन दिसेनाशी झाली. तिथे लहानसा छेद घेतला. आत तीन ठिपके चमकत होते. त्या तीन गाठी काढल्या. कॅमेरा पुन्हा फिरवला, आत काही चमकत नव्हते. बाईंनी बोटाने चाचपूनही पाहिले, कारण एखादी गाठ चमकली नाही तरी हाताला कडक लागली तर ती काढावीच लागते. मग काढलेल्या गाठी लगेच तपासायला पाठवल्या.

आम्ही बाहेर बसलो होतो. एक डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "तीन गाठी चमकल्या, काढल्या आहेत." हे ऐकून नणंदेच्या पतींचा चेहराच उतरला. ते मला म्हणाले, "भाभी, म्हणजे तीन ठिकाणी पसरला?"

वाचकांनो, एवढी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण असा गैरसमज कोणाचाही होऊ शकतो. हा रंग कॅन्सरला चिकटत नाही आणि कॅन्सर ओळखतही नाही. तो फक्त रस्ता दाखवतो. निरोगी गाठही तितकीच चमकते. पहारेकरी कुठे उभा आहे, एवढेच रंग सांगतो. चोर शिरला आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा काप पाहणारे पॅथॉलॉजीचे डॉक्टर सांगतात. त्या डॉक्टरांनी मला हे सांगितले आणि मी ते नणंदेच्या पतींना पुन्हा उर्दूत समजावले, तेव्हा कुठे त्यांनी पाणी प्यायले.

सुमारे अर्ध्या तासाने निरोप आला. तिन्ही गाठींत कॅन्सर दिसला नव्हता. काखेतल्या बाकीच्या गाठी तशाच ठेवून ऑपरेशन संपवले. घाईच्या तपासणीत अगदी बारीक पेशी निसटू शकतात, म्हणून त्याच गाठी नंतर सावकाश पुन्हा तपासतात. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. तोही चांगला आला.

आता कोणी विचारेल, बाकीच्या गाठी ठेवल्या, त्यांत काही राहिले तर? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता आणि त्यांनी तो मोठ्या अभ्यासातून तपासला. अमेरिकेत आणि कॅनडात ५,६११ स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ज्यांची पहारेकरी गाठ निरोगी होती, त्यांत काख रिकामी केलेल्या आणि न केलेल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या. दुसऱ्या एका अभ्यासात ८९१ स्त्रिया होत्या. त्यांच्या एक-दोन पहारेकरी गाठींत कॅन्सर सापडलेलाही होता, पण स्तन राखून ऑपरेशन झाले होते आणि पुढे रेडिएशन दिले जाणार होते. त्यांतही सगळ्या गाठी काढल्याने आयुष्य वाढले नाही. दहा वर्षांनंतरही चित्र तेच राहिले. म्हणजे कमी कापणे हे कमी उपचार करणे नव्हे.

आणि हाताचे काय? अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा काख पूर्ण रिकामी केलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे वीस जणींचा हात सुजलेला आढळला. फक्त पहारेकरी गाठ काढलेल्यांत हे प्रमाण पाच ते सहा होते. म्हणजे धोका पूर्ण जात नाही, पण बराच कमी होतो. नणंदेलाही हाताचे व्यायाम आणि काळजी सांगितली आहेच.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रकाश फार खोल जात नसल्याने शरीर जाड असेल तर त्वचेवरून वाट दिसत नाही, आत जाऊन शोधावे लागते. छेद घेताना एखादी लसिकावाहिनी कापली गेली तर रंग सांडतो आणि सगळेच चमकू लागते. या रंगाच्या औषधात आयोडीन असते, त्यामुळे आयोडीनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. शिवाय कॅमेरा महाग असतो, सगळीकडे नसतो. पण नसला म्हणून निराश होऊ नये. मिथिलीन ब्ल्यू हा स्वस्त निळा रंग आपल्याकडे वापरला जातो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी फ्लुरोसीन हा दुसरा चमकणारा रंग आणि साधा निळा एलईडी दिवा वापरून हेच काम कमी खर्चात करून पाहिले आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी काखेच्या फक्त खालच्या भागातल्या गाठी काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली आहे. साधन कोणतेही असो, हेतू एकच आहे. आधी पहिला नाका तपासायचा, मग गावाचे ठरवायचे.

ही पद्धत फक्त स्तनापुरतीही नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये आयसीजीने पहारेकरी गाठ शोधण्याचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगाने वाट सापडलेल्या ज्या स्त्रियांच्या गाठींत कॅन्सर होता, त्यांपैकी ९७ टक्के जणींत तो पहारेकरी गाठीवरूनच ओळखता आला.

मग प्रत्येकीला हे मिळू शकते का? नाही, आणि मला लिहायला बसवणारी गोष्ट हीच आहे. कॅन्सर आधीच काखेत पसरून गाठी हाताला लागत असतील, तर सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीने ते आधीच कळते. कॅन्सरने भरलेल्या गाठीत वाट तुंबते आणि रंग भलतीकडे वळू शकतो. अशा वेळी पुष्कळदा आधी केमोथेरपी देतात आणि मग काखेचे काय करायचे ते ठरवतात. काहींची काख तेव्हाही पूर्ण रिकामी करावी लागते.

म्हणजे पाहा, नणंदेने खालांसारखा हात होईल या भीतीने गाठ लपवली. पण तसा हात होण्याची शक्यता ज्याने वाढते, ते लपवणेच आहे. तीन महिने गेले, तरी तिची गाठ लहान असतानाच आम्ही पोचलो. तीनाचे दहा-बारा महिने झाले असते तर बाईंच्या फाइलवर कदाचित वेगळे चित्र निघाले असते. आपल्याकडे पुष्कळ जणी शरमेपोटी गाठ लपवतात, काही जणी खर्चाच्या काळजीने, काही जणी घरातल्या कोणाचे जुने हाल पाहून. शरम वाटत असेल तर महिला डॉक्टर आहेत का, असे रुग्णालयात आधी विचारता येते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे तिथल्या मदत कक्षात विचारावे. आणि जुन्या हालांविषयी एवढेच सांगेन की खालांचे ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीचे आहे, ते आजचे मोजमाप नव्हे.

ऑपरेशन ठरले असेल तर हे प्रश्न कागदावर लिहून न्या. माझ्या काखेची सोनोग्राफी झाली आहे का? मला सेंटिनल नोड बायोप्सी चालेल का, नसेल तर का नाही? तुमच्याकडे ती कोणत्या पद्धतीने करतात? गाठीत कॅन्सर निघाला तर त्याच ऑपरेशनात पुढे काय करणार? हाताचे व्यायाम कोण शिकवणार? विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. आम्ही विचारले तेव्हा बाई उलट खूश झाल्या.

नणंदेचे रेडिएशन आता संपले आहे, गोळ्या पुढची काही वर्षे चालतील. मागच्या जुम्म्याला खाला तिला भेटायला आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "हात वर कर बघू." तिने दोन्ही हात डोक्यावर नेले. खालांनी आपला जड हात पुढे करून तिची काख, दंड, मनगट चाचपले आणि माझ्याकडे वळून विचारले, "मग आमच्या वेळी का नव्हतं गं हे?"

मी म्हटले, "खाला, तुमच्यासारख्यांचे हात पाहूनच डॉक्टरांनी शोधलं हे."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिहितेस ना तू? मग हेही लिही. म्हणावं, गाठ लागली तर त्याच दिवशी सांगा."

सांगितले त्यांचे. वाचनाचा विषय इन्शाअल्लाह पुढच्या महिन्यात. खुदा हाफिज.